अर्धी मात्रा आधी

मानेवाडा चौकातला दिवा हिरवा झाला, मुकुंदनं पहिला गिअर टाकला आणि गाडी एक उचकी देऊन बंद पडली. एवढंच. अशा रोज कितीतरी गाड्या बंद पडतात. मागचे हॉर्न वाजवतात, कोणी शिव्या देतो, कोणी उतरून धक्का मारतो. मुकुंदनं किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, इंजिन नुसतं कण्हलं, आणि तेवढ्यात डाव्या बाजूनं गार वाऱ्याचा झोत त्याच्या कानाला लागला. त्यानं वळून पाहिलं तर सुभद्राच्या बाजूचं दार सताड उघडं होतं आणि सीट रिकामी होती. ती उतरली होती. पर्स खांद्याला, पदर नीट, दुरून दमून आलेली बाई घराच्या पायरीकडे जशी सावकाश जाते तशी ती रिंग रोडवरच्या ट्रकांमधून चालली होती, आणि उजवा हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपत होती. काय चाचपत होती ते त्याला फार मागाहून कळलं. ती गेटची कडी शोधत होती.

एका ट्रकचा ब्रेक किंचाळला. ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून आरडाओरडा केला, "ओ काकाजी, संभालो इनको! मरवाओगे क्या?" मुकुंद धावला, त्यानं तिचा दंड धरला, तर ती त्रासिक नजरेनं त्याच्याकडे पाहत म्हणाली, "काहून ओढून राहिले जी? घर आलं ना." दोन रिक्षावाल्यांनी गाडी ढकलून कडेला लावून दिली. सुभद्रा पुन्हा आत बसली, जसं काही झालंच नाही. मुकुंदनं वाकून तिच्या बाजूचं दार ओढून घट्ट लावलं. धंतोलीच्या डॉक्टरांची वेळ केव्हाच टळून गेली होती. आणि तिथं, रस्त्याच्या कडेला, उसाच्या रसाच्या बंद गाडीशेजारी बसल्या बसल्या त्याला तिचं गणित उमगलं. इंजिनचा आवाज थांबला म्हणजे घर आलं. इतकी वर्षं तसंच तर झालं होतं. तिच्या डोक्यातून रस्ते गेले, चौक गेले, वारांची नावं गेली, पोटच्या पोरीचं नावही येऊन जाऊन राहायचं. पण हे एक गणित अजून शाबूत होतं, आणि तिनं ते बरोबर सोडवलं होतं. चुकली होती ती गाडी.

आजाराला अडीच वर्षं होऊन गेली होती. आधी तिला गॅसवर ठेवलेलं दूध आठवेना, मग शेजाऱ्यांची नावं, मग चेहरे. चेहरे कसे जातात हे मुकुंदनं जवळून पाहिलं. अंगणात काढलेली रांगोळी वाऱ्यानं हलावी आणि रेघ विस्कटावी, तसे ते हलके हलके गेले. एका सकाळी तिनं त्यालाच विचारलं, "दूध किती देता जी रोज?" त्यानं खाली मान घालून सांगितलं, "अर्धा लिटर." दुसरं काय सांगणार? तरी देवानं दार पुरतं लावलं नव्हतं. शहराच्या टोकाच्या वाडी भागात, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकुंद बिल्ट्या लिहायचा, कोणत्या ट्रकमधून कोणता माल कुठं चालला त्याचे कागद. तीस वर्षं तेच केलं, आणि निवृत्तीनंतरही मालकानं अर्ध्या पगारावर ठेवून घेतलं होतं. संध्याकाळी तो शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, हुडकेश्वरला, घरी यायचा. गाडी पिठाच्या गिरणीपाशी वळली की घरात सुभद्रा हातातलं काम टाकायची. दिवसभर तिच्यासोबत बसणाऱ्या शेजारच्या प्रयागबाईंना म्हणायची, "आले वाट्टे." आणि लगबगीनं येऊन गेट उघडायची. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, बॉनेटकडे पाहून हसायची. "आले का जी? उशीर झाला आज." उशीर झालेला असो की नसो. मग तो उतरायचा, आणि कधी चहा होईपर्यंत, कधी नुसतं चप्पल काढेपर्यंत, तो तिचा नवरा असायचा. त्यानंतर ती कुठं निघून जायची ते रामालाच ठाऊक. पण ते अर्धं मिनिट, कधी पाव तास, त्याच्यावर मुकुंदचा सबंध दिवस तगून होता.

"वहिनी तुमच्याआधी गाडीले ओळखते, भाऊ," प्रयागबाई म्हणायच्या. मेथी निवडता निवडता सुभद्राला कोपरानं ढोसून विचारायच्या, "काय वं, लगन गाडीसंगं लागलं होतं का तुझं?" सुभद्रा लाजायची. खरोखर लाजायची, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

गाडीला आवाजच तसा होता. तिसऱ्या हातची, चोवीस वर्षांची, धुवून धुवून पिवळसर पडलेल्या धोतराच्या रंगाची ती लहानशी गाडी. तीन सिलिंडरचं इंजिन, आणि त्यातले झडपा दाबणारे दोन टॅपेट सैल. हे टॅपेट म्हणजे काय ते मुकुंदला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला ऐकू यायचं ते इतकंच की दोन ठोके पडतात आणि मग एक जागा रिकामी जाते. टिक्-टिक्, रिकामी. टिक्-टिक्, रिकामी. आणि त्यातला दुसरा ठोका आपल्या जागेवर पडत नाही, अर्धी मात्रा आधी पडतो. दुसऱ्या कोणाला ते जाणवलं नसतं. मुकुंदला जाणवायचं, कारण चिंतामणबुवांच्या मागं उभं राहून त्यानं सत्तावीस वर्षं झांज वाजवली होती.

बुवांचं कीर्तन म्हणजे काय होतं ते ज्यानं ऐकलं त्यालाच कळेल. पांढरं उपरणं, कपाळाला बुक्का, आणि नामाचा गजर सुरू झाला की दीडशे माणसांच्या छातीत एकच ठोका. अशा त्या ठोक्यात मुकुंदची झांज तेवढी घाई करायची. फार नाही, अर्धी मात्रा. बुवा निरूपण थांबवून, सगळ्या मंडळींसमोर, हसत मागं वळायचे. "मुकुंदा, देव काय पळून चालला का गा? तो ऐकाले बसला आहे. थांब ना." मंडळी हसायची, मुकुंदचे कान लाल व्हायचे, आणि पुढच्या आवर्तनाला पुन्हा तेच. रामटेकला एका उत्सवात बायकांच्या बाजूला बसलेल्या एका मुलीनं हे ऐकलं होतं. पुढे महिन्याभरानं मुकुंद मुलगी पाहायला गेला, पोहे झाले, मोठी माणसं मुद्दाम उठून गेली, आणि ती मुलगी मान वर करून पहिलं वाक्य बोलली ते हे, "तुमची झांज घाई करते." सुभद्रा ती. लग्नानंतर हे ऐकण्यात त्याचा जन्म गेला. जेवताना घाई, बोलताना घाई, देवाला फूल वाहतानाही घाई. गाडी घेतली आणि वर्षा-दोन वर्षांत तिला तो आवाज लागला, तेव्हा सुभद्रा मागच्या सीटवर बुवांची पेटी मांडीवर घेऊन पोट धरून हसली होती. "पाहा बुवा, गाडीही यांच्यावरच गेली!" बुवाही हसले. रामटेकचा डोंगर समोर दिसत होता, दोन्ही बाजूंना धान उभं होतं, आणि गाडी टिक्-टिक् करत, घाई करत चालली होती. तो रस्ता मुकुंदला अजूनही कधी कधी जेवताना मध्येच आठवतो आणि घास तसाच हातात राहतो.

तर गाडी चौकात बंद पडली, आणि ती पुन्हा बंद पडता कामा नये हे मुकुंदच्या मनात खिळ्यासारखं बसलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून, लगेच बंद करून सांगितलं, "काका, हिच्यावर खर्च कराल तेवढ्यात दुसरी येईल. भंगारात देऊन टाका." सुभद्राच्या औषधांनंतर हातात जे उरायचं त्यात दुसरी गाडी सोडाच, तिचं एक चाकही आलं नसतं. पुण्याहून लेकीनं, श्वेतानं, फोनवर तेच सुचवलं, "बाबा, विका ना ती. कॅब बोलवत जा." कॅब एकदा बोलावलीही होती. सुभद्रा दारापाशी उभी राहून रडायला लागली, "मले कुठं नेऊन राहिले? ते आल्यावर मी दिसली नाही तर?" ते म्हणजे मुकुंद, आणि मुकुंद तिचा हात धरून शेजारीच उभा होता. पोरीला हे सांगता येत नाही. तो म्हणाला, "पाहतो."

गोदामाच्या अंगणात कडुलिंबाखाली धम्मानंद ट्रक दुरुस्त करायचा. मुकुंदच्याच वयाचा, हाताला कायमचा काळा रंग, आणि जीभ तिखट. मुकुंदनं त्याला चौकातली गोष्ट सांगितली. धम्मानंदनं चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "मी करून देईन. पण रोज बंद पडन तर रोज मी हुडकेश्वरले येऊ काय? तूच शीक."

"या वयात?"

"झांज कोणत्या वयात शिकला होता? तुमचा देव काही पाना धरून खाली येत नाही, टाळकरी महाराज. तुलेच धरा लागन."

आणि मुकुंद शिकला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत धम्मानंद दाखवायचा, रविवारी सकाळी मुकुंद घरच्या अंगणात ते करून पाहायचा, आणि अडलं की मोबाइलवर कोणीतरी हिंदीत अशीच गाडी उघडून दाखवत असायचा ते दहादा मागं-पुढं करून बघायचा. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती, ती त्यानं गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली. प्लग काढून काजळी खरवडली. मग कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा जिथं एकत्र होतात ती ही पितळी-जस्ती वस्तू त्यानं जुन्या चादरीवर उघडली आणि एकेक स्क्रू कुठून निघाला ते विसरू नये म्हणून खडूनं गोल काढून ठेवले. त्यात सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं, आणि त्या भोकात मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा कचरा. इतकंच. एवढ्याशा कचऱ्यानं गाडीचा श्वास कोंडत होता आणि बायको ट्रकांमध्ये चालत गेली होती. तो कचरा बोटाच्या टोकावर घेऊन मुकुंद पाहत बसला. सुभद्राच्या डोक्यातही एखाद्या बारीक भोकात असंच काहीतरी अडकलं असेल, आणि कोणाजवळ तेवढी बारीक तार नसेल, असं काहीसं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते मनातून घालवून दिलं, कारण अशा विचारांना शेवट नसतो.

भाग धुवायला त्यानं स्वयंपाकघरातून दिसेल ती वाटी उचलून आणली होती. सुभद्रा तुळशीजवळ खुर्चीवर बसून पाहत होती. एकदम उठून आली आणि तिनं पेट्रोलनं भरलेल्या वाटीकडे बोट दाखवलं. "ही देवाची आहे. नैवेद्याची." खरंच तीच होती. मुकुंदचे डोळे भरून आले. देवाची वाटी विटाळली म्हणून नाही. तिला वाटी ओळखू आली म्हणून. "चुकलं," तो म्हणाला. "असू द्या," ती मोठ्या मनानं म्हणाली. "तुम्हाला काय ठाऊक जी आमच्या घरचं."

त्यानंतर गाडी बंद पडली नाही. मानेवाडा चौकात, मेडिकलपाशी, उड्डाणपुलाखालच्या त्या न संपणाऱ्या सिग्नलवर, कुठंही नाही. इथं थांबायला हवं होतं. पुढे पुष्कळदा मुकुंदनं स्वतःला हेच विचारलं, मी इथं काहून थांबलो नाही? पण शिकलेल्या हाताला चैन नसते, आणि टाळकऱ्याच्या कानाला त्याहून नसते. गाडीचा श्वास साफ झाला तसा तो ठोका आणखीच उघडा पडला. टिक्-टिक्, रिकामी. सकाळी वाडीला जाताना साडेसोळा किलोमीटर आणि येताना साडेसोळा किलोमीटर त्याला आपलीच चूक ऐकू यायची. बुवा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी बुवा मागं वळून हसत आहेत असं वाटायचं. जन्मभर जे झांजेत साधलं नाही ते निदान इंजिनात साधावं, एवढाच लोभ. धम्मानंदला विचारलं तर त्यानं हात झटकला.

"वाजू दे ना बे. वाजणारं टॅपेट कोणाचं काही बिघडवत नाही. गप्प बसलेल्या टॅपेटचं भेव वाटते मले."

"बेताल वाजते गा."

"इंजिन आहे ते, भजन नाही," धम्मानंद म्हणाला. पण गेज त्यानं दिलं. पत्त्यांसारख्या उघडणाऱ्या, केसाएवढ्या पातळ पोलादी पट्ट्या. झडप आणि तिला दाबणारा टॅपेटचा दांडा यांच्या फटीत ही पट्टी घालायची, स्क्रू फिरवायचा, पट्टी किंचित अडखळत निघाली की नट आवळायचा. एवढंच काम.

जानेवारीतला रविवार होता. अंगणात कोवळं ऊन, प्रयागबाईंच्या गच्चीवर कोणी गाद्या झोडत होतं. मुकुंदनं आंघोळ करून, देवाला फूल वाहून, मगच पाना हातात घेतला. वरचं झाकण काढलं. आत काळ्या तेलात सहा लहान दांडे ओळीनं बसलेले, पंगतीत बसल्यासारखे. त्यातले दोन सैल होते. बोटानं हलवले की तोच आवाज, टिक्. त्यानं घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यानं कशातच घाई केली नाही. पट्टी घातली, काढली, पुन्हा घातली. श्वास धरून नट आवळला. सुभद्रा तुळशीजवळच्या खुर्चीवर बसून खुर्चीच्या हातावर नखानं काहीतरी वाजवत होती. त्यानं ते ऐकलं आणि ऐकलं नाही. झाकण बसवून त्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि ठोका नव्हता. कुठंच नव्हता. कीर्तन संपून आरती झाल्यावर, लोक उठायच्या आधी, सभामंडपात एक क्षण जी निवांत शांतता पसरते तशी ती घरघर होती, गोल, एकसारखी. "पाहा बुवा," मुकुंद उन्हाकडे तोंड करून म्हणाला, आणि त्याला हुंदका आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पिठाच्या गिरणीपाशी वळला. गेट बंद होतं. त्यानं गाडी गेटसमोर उभी केली आणि वाट पाहिली. इंजिन हळू आवाजात, शहाण्या मुलासारखं चालू होतं. दार उघडलं नाही. इतक्या वर्षांत गेटसमोर हॉर्न वाजवायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्यानं वाजवला, आणि तो आवाज त्यालाच परक्याचा वाटला. प्रयागबाई बाहेर आल्या. "अगं बाई, तुम्ही काय भाऊ! गाडीचा आवाजच नाही." आत सुभद्रा खिडकीशी बसली होती, कान रस्त्याकडे. त्याला पाहून ती उठली, पदर सावरला. "बसा जी. हे आले नाहीत अजून."

"मीच आलो वं, सुभद्रे."

ती समजुतीनं हसली. "येतीलच. गाडी वाजली नाही ना अजून." आणि आत जाऊन तिनं त्याला पाणी आणून दिलं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, फुलाफुलांच्या काचेच्या ग्लासात.

तो ग्लास मुकुंदनं दोन्ही हातांत धरून ठेवला. बुवा एका निरूपणात म्हणायचे ते त्याला आठवलं. भक्ती नऊ प्रकारची. मोजा बरं, म्हणायचे, श्रवण पहिलं, मग कीर्तन, मग स्मरण. पाहणं आहे का त्यात कुठं? नाही. देवाला पाहा असं कोणी सांगितलंच नाही, ऐका असं सांगितलं. कारण डोळे आधी फसतात, आठवण मग फसते, आणि कान सगळ्यात शेवटी बंद होतात. मंडळी माना डोलवायची. मुकुंदही मागं उभा राहून डोलवायचा आणि वाटायचं, बुवा किती गोड बोलतात. सुभद्राचं पाहणं गेलं होतं, स्मरण गेलं होतं. उरलं होतं ते श्रवण, आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं, केसाएवढ्या पट्टीनं मोजून, बंद केलं होतं. ती त्या रात्री जेवली नाही. "ते आल्यावर जेवीन," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो कडुलिंबाखाली गेला. "धम्मानंदभाऊ, ते टॅपेट पुन्हा सैल करून दे."

धम्मानंद ट्रकखालून सरपटत बाहेर आला. हसणार होता, मुकुंदचा चेहरा पाहून हसला नाही. सगळं ऐकून घेतलं. "आधी फट किती होती? मोजली होती का, आवळ्याच्या पहिले?"

"नाही."

"लिहून ठेवा लागते गा, मुकुंदा."

"तीस वर्षं दुसऱ्याच्या मालाचे कागद लिहिले," मुकुंद म्हणाला, "आणि हेच नाही लिहिलं."

धम्मानंदनं त्याच्या पाठीवर काळा हात ठेवला. सदऱ्यावर पंजा उमटला. "चाळीस वर्षं झाली मले गाड्या नीट करून राहिलो. बिघडवून दे म्हणणारा तू पहिला. नीट कसं करायचं ते मापात असते. बिघाड असा मापात नसते गा. तो त्या गाडीचा असते, तिच्या झिजेचा. पाहू आपण." दोघांनी मिळून पाहिलं. एक सैल केला, दोन सैल केले, थोडे, जास्त. ठोका आला. कधी मोठा आला, कधी शिंप्याच्या मशिनसारखा आला. पण रिकामी जागा नीट पडेना, आणि पडली तर दुसरा ठोका बरोबर आपल्या मात्रेवर पडायचा. घाई काही येईना. कार्बोरेटर साफ झाल्यानं इंजिनचा श्वासच आता वेगळा झाला होता, धम्मानंद म्हणाला. सगळा आठवडा मुकुंद रोज वेगळा आवाज घेऊन गिरणीपाशी वळला. रोज गेट बंद. रोज काचेचा ग्लास. शुक्रवारी सुभद्रानं कान देऊन ऐकलं, अर्धी उठली. त्यानं काचेतून पाहिलं, ती उठली होती. मग मान हलवून पुन्हा बसली. प्रयागबाई त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जेवून घेत जा. वाळून राहिले तुम्ही."

पुढचा रविवार आला. चारचं ऊन अंगणात तिरपं पडलं होतं. मुकुंद बॉनेट उघडं टाकून ड्रायव्हरच्या सीटवर नुसता बसला होता. पाना मांडीवर, हात तेलानं माखलेले. आता काय सैल करायचं आणि काय आवळायचं ते त्याला सुचत नव्हतं. डावीकडचं दार उघडलं आणि सुभद्रा आत येऊन बसली. पर्स मांडीवर घेतली. बराच वेळ ती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली, रस्त्याकडे पाहावं तशी.

"तुम्ही मेकॅनिक का जी?"

"हो," मुकुंद म्हणाला.

"आमचीही अशीच गाडी आहे. अशीच. पण ती बोलते."

"काय बोलते?"

तिनं डॅशबोर्डवर नख टेकवलं आणि वाजवून दाखवलं. टिक्-टिक्, रिकामी. टिक्-टिक्, रिकामी. दुसरा ठोका अर्धी मात्रा आधी. हुबेहूब. नट-स्क्रूंतून, पट्ट्यांतून, धम्मानंदच्या चाळीस वर्षांतून जे हाती लागलं नाही ते या नखात जसंच्या तसं होतं; आणि मागल्या रविवारी खुर्चीच्या हातावर ती हेच वाजवत होती, त्याला सांगत होती, तेव्हा तो श्वास धरून नट आवळत होता.

"आमचे हे झांज वाजवतात," ती म्हणाली, वाजवता वाजवताच. "बुवांच्या मागं. पण भारी घाई. लगन झाल्यापासून सांगून राहिली, ऐकतच नाहीत."

"त्रास होतो मग तुम्हाला?"

"त्रास काहून होईल जी?" तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "दुरून कळते ना. हेच आहेत म्हणून."

गच्चीवरून कावळा उडाला. मुकुंदनं तेलकट हात पुसले आणि आपल्या गुडघ्यावर तळहातानं तिच्या नखामागं ताल धरला. सावकाश, सांभाळून, जागच्या जागी. जसं बुवांना हवं होतं तसं. आश्चर्य म्हणजे आज साधलं. ती नखानं आधी पडत होती, तो मात्रेवर पडत होता, दोघांच्या मध्ये ती अर्धी मात्रा उघडी राहत होती. तिनं कौतुकानं मान हलवली. "तुमचा ताल चांगला आहे," ती म्हणाली. सत्तावीस वर्षं ज्या दादेसाठी झांज वाजवली ती आज एका परक्या मेकॅनिकला मिळाली होती.

मग त्यानं हात सैल सोडला. काही ठरवून नाही. धरून ठेवायचा कंटाळा आल्यासारखा सोडला, आणि हात आपोआप पुढे पळाला, अर्धी मात्रा, जन्मभर पळाला तसा. नख आणि तळहात एका जागी पडले. एकदा. पुन्हा एकदा. सुभद्राचं बोट थांबलं. तिचा चेहरा उजळला, आणि ती त्याच्याकडे नाही, गेटकडे पाहायला लागली.

"आले वाट्टे."

ती लगबगीनं उतरली, दार लावायचंही विसरली. गेट उघडून, कडी हातात धरून, रिकाम्या गल्लीकडे पाहत उभी राहिली. गल्लीत कोणी नव्हतं, गिरणीच्या पट्ट्याची फडफड तेवढी होती. मग आठवण झाल्यासारखी ती वळली आणि गाडीत बसलेल्या माणसाला मायेनं म्हणाली, "निघा जी आता तुम्ही. आमचे हे आले. त्यांना आल्या आल्या चहा लागते."

मुकुंद उतरला. काय करणार? पाना सीटवर ठेवला, चपला घातल्या, तिच्या बाजूनं, पदराला हात लागू न देता, गेटबाहेर गेला. "येत जा," ती म्हणाली आणि तिनं कडी लावून घेतली. गजांमधून ती दिसत होती. आत गेली नव्हती. तिथंच, कडीपासून हातभर अंतरावर, कान देऊन उभी होती.

ऊन गल्लीतून सरकत होतं. मुकुंदनं कडीवर बोटं ठेवली. ती गार होती. पहिला ठोका त्यानं दिला. दुसऱ्याआधी, बुवांनी जन्मभर सांगितलं होतं तसा, जरासा थांबायला गेला. आणि मग त्याला आठवलं की आज थांबायचं नाही.